तापाचा कितवा दिवस? नाशिकच्या डॉक्टरांना एका फिटरचं खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ

सप्रेम नमस्कार.

मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. राहायला सिडकोत. वैद्यकातलं शिक्षण शून्य, त्यामुळे तुम्हाला उपचार शिकवायचा माझा आवेश नाही. एकच मागणं आहे आणि त्याला एक पेन पुरतं. ताप आलेलं मूल समोर बसवलंत की केसपेपरवर आधी तो तापाचा कितवा दिवस आहे, हा आकडा लिहा. औषध सुरू केल्यापासूनचा किंवा तुमच्याकडे आल्यापासूनचा दिवस नको, घरात ताप आला त्या दिवसापासूनचा हवा.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोणी पत्र लिहितं का, असं वाटेल. आमच्या चिऊचं काय झालं ते सांगतो, मग ठरवा.

चिऊ साडेतीन वर्षांची, वजन 12 किलो. गेल्या जानेवारीत 9 तारखेला रात्री तिला ताप भरला. तारीख पक्की आठवते, कारण बायकोने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलं होतं: ‘1 लि., चिऊ ताप’. नाशिकची थंडी ऐन भरात होती, गल्लीतली निम्मी पोरं खोकत होती. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. घसा लाल होता. अँटिबायोटिक आणि तापाचं औषध मिळालं. औषध दिलं की ताप दोन-तीन तास खाली यायचा, पुन्हा 103. चौथ्या दिवशी रक्त तपासलं. प्लेटलेट चांगल्या होत्या. डेंग्यू नाही म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्याच संध्याकाळी डोळे लाल झाले, पण चिपडं नव्हती, पाणीही नव्हतं. डोळ्यांत टाकायला थेंब मिळाले. भोगीच्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. आमच्या आईचं म्हणणं, गोवर आहे, बाहेर पडला की ताप उतरेल. तिने उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला. माझं मत होतं, औषधाची ॲलर्जी असणार. डोळ्याचं दुखणं वेगळं, घशाचं वेगळं, कातडीचं वेगळं, असा आमचा तिघांचा हिशोब चालला होता. हे सगळं एकाच दुखण्याचं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

संक्रांतीला, म्हणजे सहाव्या दिवशी, नेहमीचा दवाखाना बंद. म्हणून दुसरीकडे गेलो. तिथे गर्दी होती, तिळगूळ वाटणं चाललं होतं. चिऊच्या हातावरही एक वडी ठेवली. तिने ती ओठाला लावली आणि रडायला लागली. ओठ फुटून त्यातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, “ताप कधीपासून?” बायको चार रात्री झोपलेली नव्हती. ती म्हणाली, “परवापासून जास्तच आहे.” ती खोटं बोलली नाही. ताप परवापासूनच जास्त होता. पण कागदावर आलं: ‘ताप 2 दिवस’.

सहाव्याचा दुसरा झाला. नवं अँटिबायोटिक, आणि तीन दिवसांनी दाखवायला या.

यात कुणाची चूक काढायची मला हौस नाही. दोन्ही डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. पहिल्यांनी पाहिलं तेव्हा खरंच फक्त घसा लाल होता. दुसऱ्यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे तो दोन दिवसांचाच ताप होता. दवाखाना बदलला की ताप पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, आणि दवाखाना आम्ही पालकच बदलतो. कधी सुट्टी असते, कधी धीर सुटतो, कधी शेजारीण सांगते अमक्याच्या हाताला गुण आहे. मधला हिशोब कुणाकडेच राहत नाही.

आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर शिफ्ट बदलताना लॉगबुक भरावं लागतं. ‘पंप गरम, सुरुवात सोमवार दुसरी शिफ्ट.’ मंगळवारी येणारा गडी ‘आज पंप गरम झाला’ असं लिहीत नाही, ‘दुसरा दिवस’ असं लिहितो. कारण गरम पंप पहिल्या दिवशी तेलाचा प्रश्न असतो आणि पाचव्या दिवशी बेअरिंगचा. लक्षण तेच, दिवस वेगळा, म्हणून कामही वेगळं. माणसाच्या पोराला प्रेसइतकं तरी लॉगबुक असावं.

16 तारखेच्या रात्री चिऊ पाणीही घेईना, तेव्हा मुलांच्या एका हॉस्पिटलात नेलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. छाती तपासायला त्यांनी स्वेटर काढायला सांगितला. स्वेटर, त्याखाली इनर, त्याखाली बनियन. थंडीत आपल्याकडची पोरं कांद्यासारखी सोलावी लागतात. डाव्या दंडावरचा बीसीजीच्या लशीचा जुना व्रण लालभडक होऊन वर आला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. जन्मल्यावर टोचलेली लस साडेतीन वर्षांनी अचानक सुजली होती आणि आठ दिवसांत ती आम्ही कुणी पाहिली नव्हती. बाईंनी स्टेथोस्कोप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ताप कोणत्या तारखेला आला? दिवस नको, तारीख सांगा.” मी मेहुणीला फोन लावून कालनिर्णयच्या पानाचा फोटो मागवला. बाईंनी बोटांवर मोजलं. आठ.

मग जीभ बाहेर काढायला सांगितली. सापुतारा रस्त्याला वणीच्या पुढे जानेवारीत टोपल्यांमधून स्ट्रॉबेरी विकायला बसतात, ती डोळ्यांसमोर आणा. तशीच लाल, वर तसेच दाणे. तळहात सुजून तांबडे झाले होते. मानेला एका बाजूला गाठ लागत होती. एकेक गोष्ट आम्ही वेगवेगळ्या दिवशी पाहिली होती. बाईंनी ती एका ओळीत मांडली आणि कावासाकी हे नाव घेतलं. मेहुणा म्हणाला, “मोटारसायकलवाला?” त्या रात्रीही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

तुम्हाला हे सगळं पाठ आहे. पण हे पत्र माझ्यासारखे पालकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं लिहितो. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी 1961 मध्ये टोकियोत चार वर्षांच्या एका मुलात हे दुखणं पाहिलं. तेव्हा कुठल्याच पुस्तकात ते बसत नव्हतं. अशी 50 मुलं जमवून त्यांनी 1967 मध्ये जपानीत लेख लिहिला, इंग्रजीत तो 1974 मध्ये आला. दुखणं बहुतेक करून पाच वर्षांखालच्या मुलांना होतं. कशामुळे, ते आजही ठरलेलं नाही. एका मुलाचं दुसऱ्याला लागत नाही. ‘कावासाकी आहे’ असं सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. पाच दिवसांचा ताप आणि पाचांपैकी चार खुणा: चिपडांशिवाय लाल डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातापायांची सूज, मानेची गाठ. तान्ह्या मुलांत तर पुष्कळदा एवढ्याही दिसत नाहीत. व्याख्येतलं पहिलं वाक्यच तापाच्या दिवसांचं आहे आणि आपल्या कागदांवर नेमका तोच आकडा चुकतो.

आतमध्ये काय होतं ते मला हायड्रॉलिक होजवरून, म्हणजे दाबाखालचं तेल नेणाऱ्या रबरी नळीवरून, समजलं. होजच्या भिंतीत आत तारेची जाळी असते. ती गंजली की दाबाने होज त्या जागी फुगतो. बाहेरून रबर धडधाकट दिसतं. कावासाकीत रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात आणि सूज वाढत गेली तर भिंतीला ताण देणारा लवचीक पदर नासतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांवर हिचा विशेष डोळा. भिंत कमजोर झाली की फुगवटा येतो, फुगवट्यात रक्त संथ होतं, संथ रक्तात गुठळी धरते. पुढची गोष्ट हार्ट ॲटॅकची. साडेतीन वर्षांच्या पोरीला हार्ट ॲटॅक, हे शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा एका वाक्यात ऐकले. आणि गंमत बघा, ताप औषधाविनाही एक ते तीन आठवड्यांत आपोआप उतरतो. मूल खेळायला लागतं. घरचे म्हणतात, बरं झालं. होजचं रबर धडधाकट.

उपचार केले नाहीत तर साधारण चारांतल्या एका मुलाच्या धमनीला फुगवटा येतो. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं तर ते प्रमाण शंभरात चार-पाचवर येतं. माझं सगळं म्हणणं या दहा आकड्यापाशी आहे. दहावा दिवस उलटला म्हणून दार बंद होतं असं नाही. ताप असेल, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढलेला असेल तर नंतरही देतात. पण सूज लवकर विझवली तर भिंत वाचते. आणि दहा मोजायचे तर सुरुवात एकपासून व्हायला हवी.

हे इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं. जपानी डॉक्टरांनी ते कावासाकीसाठी वापरून 1984 मध्ये निष्कर्ष छापले, अमेरिकेतल्या अभ्यासांनी 1986 आणि 1991 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून मात्रा ठरलेली आहे: किलोमागे 2 ग्रॅम, एकाच सलाइनमधून, दहा-बारा तासांत. चिऊच्या 12 किलोला 24 ग्रॅम. पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. 17 तारखेला सकाळी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. डाव्या कोरोनरीचा झेड स्कोअर, म्हणजे मुलाच्या अंगकाठीच्या मानाने धमनी किती रुंद ते सांगणारा आकडा, 2.2 आला. म्हणजे धमनी किंचित रुंदावली होती, फुगवटा अजून नव्हता. आणि मी गोळे कॉलनीत, औषधांच्या बाजारात. तीन बाटल्या एका दुकानात मिळाल्या, चौथी दुसऱ्या दुकानात, पाचवी एका स्टॉकिस्टच्या गोडाउनमधून संध्याकाळी आली. पैशांसाठी बायकोने गंठण काढून दिलं. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही, आणि आमच्या घरात एरवी कांद्याच्या भावावरून अर्धा तास होतो. बर्फाच्या डब्यात बाटल्या मांडीवर घेऊन रिक्षात बसलो होतो, द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली की डब्याचं झाकण चाचपायचो.

रात्री आठला ड्रिप सुरू झाली. आधी अगदी थेंब थेंब, दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब, मग वेग वाढवत नेला. सोबत ॲस्पिरिन. सकाळी आठला शेवटची बाटली संपली तेव्हा चिऊचं कपाळ गार होतं आणि ती पोहे मागत होती.

सिस्टर म्हणाल्या, अजून छत्तीस तास. ड्रिप संपल्यावर छत्तीस तासांनीही ताप राहिला किंवा परत आला तर पहिलं औषध पुरलं नाही असं धरतात. शंभरातल्या दहा ते वीस मुलांत असं होतं. मग दुसऱ्यांदा इम्युनोग्लोब्युलिन, किंवा स्टेरॉइड, किंवा इन्फ्लिक्सिमॅब, जे एरवी मोठ्यांच्या सांधेदुखीत आणि आतड्याच्या सुजेत वापरतात. ज्या मुलांना धोका जास्त, म्हणजे सहा महिन्यांच्या आतलं बाळ किंवा पहिल्याच इकोत धमनी बरीच रुंदावलेली, त्यांना हल्ली सुरुवातीपासूनच जोडीला दुसरं औषध देण्याकडे कल आहे. हे मला डॉक्टरांनी वहीवर आकृती काढून समजावलं. मी त्या वहीच्या मागच्या पानावर छत्तीस रेघा मारल्या आणि दर तासाला एक खोडत गेलो. 19 तारखेला रात्री आठला शेवटची खोडली. ताप आला नाही.

आमचा नववा दिवस साधला. तो साधला एका बाईंनी स्वेटर काढायला लावला म्हणून आणि दुधाच्या हिशोबामुळे. ज्यांच्या घरी दूध रोख घेतात त्यांनी काय करायचं?

सुरगाण्याहून, पेठहून येणाऱ्या माणसाचा विचार करा. गावात एक दवाखाना, मग तालुक्याला, मग नाशिक. तीन कागद, तिन्हींवर ताप ‘2 दिवस’. प्रत्यक्षात अकरा. पहिल्याच कागदावर पाच हा आकडा असता तर दुसऱ्या डॉक्टरांना किमान थांबून ओठ-डोळे-दंड बघावासा वाटला असता. आणि खुणा दिसल्या नाहीत तरी आकडा बोलतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सात दिवस ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर बाकी काही नसलं तरी सीआरपी करा आणि तो चढलेला असेल तर इको करा, असं हृदयरोगाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फुगवट्याचा धोका सगळ्यांत जास्त याच बाळांना आणि लक्षणं सगळ्यांत कमी यांच्यातच. तिथे आकड्याशिवाय हातात दुसरं काही नसतं.

आणखी एक, प्लेटलेटचं. आपल्या शहराला प्लेटलेट म्हटलं की फक्त कमी होण्याची भीती माहीत आहे. चिऊच्या आठव्या दिवशीच्या रिपोर्टात त्या साडेपाच लाखांवर होत्या. बायको म्हणाली, बघा, वाढल्या, सुधारतेय. कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट चढतातच. तोच रिपोर्ट, तोच आकडा. दुसरा दिवस समजून वाचला तर काहीच नाही, आठवा समजून वाचला तर घंटा.

घरी आल्यावरचं थोडक्यात. चौदाव्या-पंधराव्या दिवशी चिऊच्या बोटांच्या टोकांची कातडी नखांपासून सुटायला लागली, साप कात टाकतो तशी. ती ते सगळ्यांना कौतुकाने दाखवायची. ॲस्पिरिनची मात्रा खाली आली, 75 च्या गोळीची अर्धी, सकाळी काही खाल्ल्यावर. माझ्या वडिलांची हृदयासाठीची गोळीही 75 चीच. आजोबा आणि नात एका पट्टीतून गोळ्या घेत होते.

याच काळात एकदा तिला सर्दी-ताप आला. जवळच्या एका दवाखान्यातून आयब्युप्रोफेन मिसळलेलं सिरप मिळालं. हॉस्पिटलने आधीच बजावलं होतं म्हणून दिलं नाही. आयब्युप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचं गुठळी रोखण्याचं काम अडतं. फ्लू किंवा कांजिण्यांची शंका असेल तर ॲस्पिरिनच थांबवायचं की काय करायचं, ते आधी आपल्या तज्ज्ञांना फोन करून विचारायचं, कारण त्या तापात ॲस्पिरिनने यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवराची आणि कांजिण्यांची लस 11 महिने पुढे ढकलायची, नाहीतर लागू पडत नाही. हेही सगळं तारखांचं काम. म्हणून आता चिऊच्या लसीकरण कार्डाच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: कावासाकी, इम्युनोग्लोब्युलिन 17 जानेवारी, ॲस्पिरिन चालू. जो कुणी कार्ड उघडेल त्याला ते वाचावंच लागतं.

दोन आठवड्यांच्या इकोत झेड स्कोअर 1.9, सहा आठवड्यांनी 1.1. ॲस्पिरिन बंद झालं. लाल पेनाने ‘चालू’ खोडून ‘बंद’ लिहिलं.

सरकारी यंत्रणेकडेही एक बोलणं आहे, पण ते दोन ओळींत. हे औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, महाग आहे आणि लागतं तेव्हा त्याच दिवशी लागतं. जिल्ह्यात एका ठरलेल्या जागी दोन-तीन मुलांपुरत्या बाटल्या कायम असाव्यात, आणि ती जागा कोणती हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला माहीत असावं. डबा मांडीवर घेऊन फिरायला प्रत्येकाकडे दिवस उरलेला नसतो.

आता तुमच्याकडे परत येतो. ओपीडीत शंभर नंबर लागलेले असतात, हे मी बाकावर बसून पाहिलंय. त्यातल्या नव्याण्णव तापांत हे काही निघणार नाही. प्रत्येकाची इको करा असं कुणी म्हणत नाही. तारीख विचारा, मोजा, आकडा टाका. फार तर दहा सेकंद. पाच किंवा पाचाच्या वर असेल तर स्वेटर काढायला सांगा.

मी आमच्या कारखान्याला शिक्के पुरवणाऱ्या माणसाकडून पन्नास रबरी शिक्के करून घेतले आहेत. त्यावर दोनच ओळी आहेत:

ताप सुरू: तारीख ______
आज तापाचा दिवस: ______

शनिवारी मला सुट्टी असते. पहिले बारा शिक्के सिडको आणि इंदिरानगरमध्ये वाटून झाले. पहिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घेतला, आणि मी केबिनमध्ये असतानाच पुढच्या पेशंटच्या कागदावर उमटवला. अडतीस उरलेत. ओपीडीच्या वेळेत येणार नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी कंपाउंडरकडे ठेवून जाईन. शाईचं पॅड तेवढं तुमचं.

आपला,
चिऊचा बाबा
सिडको, नाशिक